डुकरं तोलणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे. हसू नका मित्रांनो, माझ्यावर डुकरं चढायची. ऐन उमेदीत मी काटोलच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या तोलल्या. मग १९७४ साली नागपूरच्या एका संशोधन केंद्रात आलो आणि माझ्या फळीवर डुकरांसाठी पिंजरा बसला. मला फार कमीपणा वाटला.

पण तिथल्या डॉक्टर सुमतीबाई मला स्वतः पुसायच्या, तेल घालायच्या. डुकराचं शरीर पुष्कळसं माणसासारखं चालतं, म्हणून माणसाचा लठ्ठपणा आणि मधुमेह त्या डुकरांवरून समजून घेत होत्या. दोन डुकरांना हवं तेवढं खाणं, दोघांना मोजून. खाऊ घालायला अंजनाबाई होत्या.

वर्षभरात मोजून खाणाऱ्या दोघांचंही वजन माझ्यावर वाढत गेलं. खाण्याची नोंद तर बरोबर होती. मग ठपका माझ्यावर आला. केंद्राचे साहेब म्हणाले, काटा बिघडलाय, भंगारात द्या! जन्मभर खरं सांगितलं त्याचं हे बक्षीस. मला फार वाईट वाटलं.

मला न्यायला हातगाडी आली, तशा अंजनाबाई आडव्या आल्या. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, हे त्यांना ठाऊक होतं.

“काटा खरा आहे, बाई. चुकली मी. जेवाले बसली का दोघंही माझ्या तोंडाकडं पाहत राहत. मले घास गिळवत नव्हता. रोज अर्धी अर्धी भाकर त्याहिले देत होती.”

सुमतीबाईंची वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती. तरी त्यांनी अंजनाबाईंना जवळ बसवून त्या डुकरांची वजनं आणि नव्याने तपासलेली, रक्तातली वाढलेली साखर वाचून दाखवली. कामावरून काढलं नाही, पण प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडला.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई नवऱ्याला, नत्थूजींना, घेऊन आल्या. त्यांनाही मधुमेह होता, आणि मायेपोटी त्यांच्या ताटात रोज एक भाकर जास्त पडायची.

“मले डुकराच्या पिंजऱ्यात काहून उभं करून राहिली वं?”

“चढा जी. तो खोटं नाही सांगत.”

मी ब्याण्णव किलो दाखवले. अंजनाबाई आकड्याकडे पाहत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी माझ्या फळीवरची माती पदराने पुसली.

मित्रांनो, आता मी खरंच गंजलोय. एवढंच मागतो, नको असलेलं खरं सांगणाऱ्याला भंगारात काढू नका.