बोमाईच्या पाठीवर

"कोण गेलं रे?" कौपाने विचारलं.

धक्क्याच्या फाटकाशी बोमाई उभा होता. कपाळापासून छातीपर्यंत पिवळी माती फासलेली, उन्हाने तडकलेली. डोंगराकडच्या माणसांत अशी माती बायको गेली तर नवरा फासतो, पोर गेलं तर आई, आई गेली तर मुलगा. बोमाईची बायको केव्हाच त्याला सोडून गेली होती, पोरबाळ नव्हतं. म्हणजे म्हातारी आई गेली असणार. कौपाने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"सुटली रे बिचारी," तो म्हणाला. "फार हाल चालले होते."

बोमाईने त्या हाताकडे असं बघितलं, की कौपाने तो मागे घेतला.

"आई बरी आहे," बोमाई म्हणाला. "लुडविना गेली, दादा."

लुडविना कौपाची बायको. पुढे रडू यायचं, पण त्याच्या आधी कौपाला हेच आठवायचं. आपली बायको मेली, आणि आपण सांत्वन शेजाऱ्याचं केलं.

कौपा माल वाहणाऱ्या बोटीवर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. देशाच्या राजधानीत, मोर्सबीत, पोलीस काम टाकून निघून गेले, दुकानं फुटायला लागली, तेव्हा बोट बंदराबाहेर नांगर टाकून थांबली. कप्तान आत न्यायला तयार होईना. शहरावर धूर चढत होता आणि कौपा कठड्याला धरून उभा होता. फोन लागला तो एकदाच. "मोनिकाआक्काकडे जा, दाराला कडी घाल, बाहेर पडू नकोस," त्याने सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिच्यामागे कोणीतरी पिंप ओढत होतं, आणि बोमाईचा आवाज येत होता.

तो आवाज कौपाच्या कानात अजून होता.

घरासमोर ताडपत्री बांधली होती. गल्लीतल्या बायका रताळी उकडत होत्या. माणसं सुपारी चघळत बसली होती. ती कौपाला बघून उठली, पण आधी त्यांची नजर गेली ती बोमाईकडे. कुठे बसवायचं, काय द्यायचं, सगळं त्यालाच विचारून चाललं होतं. कौपाच्याच अंगणात.

मोनिकाने, लुडविनाच्या थोरल्या बहिणीने, चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

"आक्का, ती तुझ्याकडे का नाही आली?"

"माझ्याकडे? माझं घर ते काय, दार लाथेने पडतं. आणि मीच इथे आले होते की."

"बोमाईने थांबवलं तिला."

मोनिकाने डोळे पुसता पुसता हात खाली घेतला. "कोणी थांबवलं? बोमाईने? अरे, तो पलंगाखाली होता! हिने पाय धरून ओढला बाहेर. 'ऊठ, एवढा थोरला देह काय मुंग्यांना घालायला वाढवलास?' म्हणाली. पोलिसांना फोन लावला तर उचलेना कोणी. मग म्हणाली, आपली गल्ली आपणच धरायची. दोन्ही टोकांना पिंपं लावली. गॅसची रिकामी टाकी झाडाला टांगली, कोणी आलं की ठोकायची. टाकी हिच्याकडे. बाकीच्या आम्ही उकळतं पाणी घेऊन उभ्या. एक घर फुटलं नाही गल्लीतलं."

"आणि ती?"

"गलोलीचा दगड लागला कानशिलाला. टाकी सोडली नाही तिने. सगळे धावून आल्यावर खाली बसली. दवाखाना बंद, गाडी नाही. बोमाईने पाठीवर घेतलं आणि मोठ्या इस्पितळाकडे निघाला. पोचायच्या आधीच..."

कौपाने सगळं ऐकलं. त्यातलं त्याला एकच दिसत राहिलं. तिचे हात. बोमाईच्या गळ्याभोवती.

तिला पुरल्यावर दोन दिवसांनी बोमाई डुक्कर घेऊन आला. चांगलं पोसलेलं होतं, त्याच्याकडे होतं ते एवढंच. दुसऱ्या हातात पानांसकट एक ऊस होता. त्याच्यामागे त्याची भावकी उभी राहिली. लुडविनाच्या माहेरची माणसं अंगणात बसलीच होती, आणि त्यांच्या मांडीखाली कोयते होते. ज्याच्या हातात माणूस मरतं, भरपाई त्याने द्यायची ही रीत; ती बोमाईच्या पाठीवर मेली होती, म्हणून भरपाई बोमाईची. नवऱ्याने डुक्कर घ्यायचं, ऊस दोघांनी दोन टोकांना धरून मोडायचा. मोडला की वैर संपलं. न मोडला तर माहेरची माणसं आज ना उद्या उठणार, बोमाईचे भाऊ उठणार, आणि दंगलीत जी गल्ली वाचली ती आतूनच पेटणार. पोलीस अजूनही परतले नव्हते.

"घे रे बाबा," मोनिका त्याच्या कानाशी म्हणाली. "तिच्यासाठी तरी घे."

कौपा जागचा हलला नाही. "आधी माती धू," तो बोमाईला म्हणाला. "कोणत्या नात्याने फासलीस?"

बोमाईने कपाळावरच्या मातीला हात लावला.

"माझ्या पाठीवर गेली, दादा. मला ती जाताना कळली. दुसऱ्या कुणाला नाही कळली. मग काय तसाच फिरू?"

"काय बोलली?"

"कधी?"

"वाटेत. बोलली असेल ना काही. लांबची वाट आहे."

बोमाई घुटमळला. "मला शिव्याच दिल्या. हळू चाल, रेडा आहेस का, म्हणाली. कौपा असता तर गटाराच्या कडेने नेलं असतं, तुला वाटासुद्धा माहीत नाहीत, म्हणाली. मग म्हणाली, ती टाकी टांगायची गरजच नव्हती. कौपा घरी असता तर त्याच्या घोरण्यानेच चोर पळाले असते." त्याने मान खाली घातली. "आणि हसली."

"हसली?"

"हो. माझ्या मानेवर श्वास लागला तिचा. मग पुन्हा नाही लागला."

ताडपत्रीखाली कुणीतरी बाई हुंदका देत हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. मोनिकासुद्धा रडता रडता हसत होती. सगळी गल्ली त्याच्या घोरण्यावर हसली, मायेने हसली, आणि कौपाला ते कळत होतं. तिने मरताना त्याचंच नाव घेतलं होतं, हेही कळत होतं. पण ते नाव ऐकलं दुसऱ्याने. ते हसू त्याचं होतं, वीस वर्षं अंथरुणात कूस बदलता बदलता ती त्याच्या पाठीत कोपर मारून हसायची ते. ते शेवटचं या माणसाच्या मानेवर सांडलं होतं, आणि आता ते कशानेच परत घेता येत नव्हतं.

कौपाने डुकराची दोरी हातात घेतली. माहेरच्या माणसांनी कोयते बाजूला सारले. कोणीतरी देवाचं नाव घेतलं. बोमाईने उसाचं एक टोक धरून दुसरं पुढे केलं.

कौपाने ते घेतलं नाही. "ठेव भिंतीला," तो म्हणाला.

त्यावर बरीच कुजबुज झाली. शेवटी लुडविनाच्या माहेरच्या वडीलधाऱ्याने निवाडा दिला, की डुक्कर घेतलंय म्हणजे अर्धं मिटलं, उरलेल्या अर्ध्याला वाट बघू. भावकी पांगली, पण कोयते कोणी घरी ठेवले नाहीत.

गल्लीची राखण अजून चालू आहे. लुडविनाच्या वाट्याची राखण कौपा करतो, बोट सोडली त्याने. वरच्या पिंपाशी तो असतो, खालच्या पिंपाशी बोमाई. संशय यावा असं कोणी दिसलं तर दोघे एकमेकांना हात करून खुणावतात, तेवढंच. बोमाईने माती धुतली. डुक्कर गल्लीने खाल्लं, कौपानेही खाल्लं.

ऊस भिंतीला आहे. त्याची पानं वाळून गेली, साल सुरकुतली. मोनिका रोज एकदा त्याच्याकडे बघते आणि आपल्या कामाला लागते. तो अजून मोडायचा राहिला आहे.