मागच्या खोलीतले अप्पा

शिरूर कासारच्या पेठेत मल्लिकार्जुनअप्पांचं कापडाचं दुकान होतं. काही वर्षांपासून त्यांचे हातपाय त्यांचं ऐकेनासे झाले होते. बसल्या जागी खांदा उडायचा, तोंड वेडंवाकडं व्हायचं, चालताना पाय भलतीकडेच पडायचा. लोक म्हणायचे, "बापासारखंच पितंय." त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. यंदा डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, ही दारू नव्हे, हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे. आईबापाकडून लेकरांत उतरतो. उतरेलच असं नाही, पण शक्यता निम्मी.

तेव्हापासून त्यांची लेक वर्षाराणी भाकरी थापताना मधेच थांबून स्वतःच्या बोटांकडे बघायची.

एका रविवारी तिला बघायला पाहुणे आले. आई बसम्मानं अप्पांना मागच्या खोलीत बसवलं. "चहापाणी होईस्तोर गप बसा," म्हणाली आणि बाहेरून कडी लावली. पण गप बसणं अप्पांच्या हातात कुठं होतं? पाहुण्यांनी कप तोंडाला लावले आणि आत धाडकन पेटी पडली. मागोमाग भांडी.

मुलाचे वडील सोमेश्वरराव दचकले. "आत कोण हाय?"

"मांजर असंल," बसम्मा म्हणाली.

वर्षाराणी उठली. कडी काढून तिनं अप्पांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांचं कपाळ खरचटलं होतं.

"हे माझे अप्पा. पिलेले न्हाईत, आजारी हायेत. आजोबालाबी हेच होतं. उद्या मलाबी होऊ शकतं."

पाहुणे कप खाली ठेवून उठले. संध्याकाळी नकाराचा फोन आला.

"कावून सांगितलंस?" अप्पा ओरडले. हात हवेत भिरभिरत होते. "माझ्यापायी तुझं वाटोळं झालं!"

"आजोबाला मरेस्तोर लोकांनी दारुडा म्हणलं. तुमाला कोंडून मी लगीन करू का, अप्पा?"

बसम्मा तोंडाला पदर लावून बसली होती. ती उठली आणि अप्पांच्या कपाळाला हळद लावू लागली. डोकं सारखं हलत होतं, हळद कानापर्यंत पसरली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक अप्पांकडे बघून हसलं. अप्पांनी फळी घट्ट धरली. "पिलो न्हाई बे. मेंदूचा आजार हाय. कापड माझी लेक दाखवील."

गिऱ्हाईक वरमलं. वर्षाराणीनं कापडाचा तागा उलगडला.

स्वतःचं रक्त तपासायचं की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही. एखाद्या सकाळी ती तपासणीसाठी बीडला जायला एसटी स्टँडवर जाऊन उभी राहते, आणि गाडी लागली की माघारी येते.