चंद्रभान सरांच्या चेलोचा गज

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. खिडकीचा नव्हे, वाजवण्याचा! चेलो नावाचे एक वाद्य असते, मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढे. त्याच्या तारांवर मला फिरवले की भरदार, गंभीर आवाज निघतो. लोक कौतुक करतात ते चेलोचे. मला कोण विचारतो? जाऊ द्या, सवय झाली आता.

माझी काठी लाकडाची आणि केस घोड्याच्या शेपटीचे. हे केस कोरडेच लागतात. त्यांना राळ चोळतात, तेव्हा कुठे ते तारेला धरतात. एवढीच काय ती माझी मिजास.

चंद्रभान सर पालमकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. फौजेत भरती झाले आणि तिथल्या बँडमध्ये चेलो शिकले. वीस वर्षे आम्ही दोघांनी मैफली गाजवल्या. निवृत्तीनंतर सरांनी चुडाव्याला घर केले, रेल्वे स्टेशन आहे म्हणून. त्यांच्या आई धुरपताबाईंनी चेलोभोवती एक फेरी मारली आणि विचारले, याच्यात जवारी किती मावती? सर पोट धरून हसले होते.

मग शिकवणी सुरू झाली. पोरे हौसेने यायची आणि बोटे दुखली की पळायची. टिकली एकटी शिवकन्या. पाच वर्षांत तिचा हात असा तयार झाला की सर डोळे मिटून ऐकत बसायचे. अशातच सरांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि त्यांचे वाजवणे कायमचे थांबले. आपली विद्या पुढे गेली तर या पोरीच्याच हातून जाईल, असे ते येईल त्याला सांगायचे.

पुण्याच्या एका संगीत विद्यालयात चेलोची एकच जागा होती. वयाची अट अशी की शिवकन्येला ही शेवटचीच संधी. आदल्या संध्याकाळी सरांनी चेलोला आणि मला तिच्या घरी पाठवले. ती शेजारी निरोप घ्यायला गेली, तेवढ्यात तिच्या आईने, केवळाबाईंनी, आमची पेटी उघडली. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि पुटपुटल्या, "लय कोरडे पडलेत की. माझी लेक एवढ्या मोठ्या लोकांत जायलीय, अन् तू असा?"

त्यांनी वाटीत खोबरेल आणले, मला चोपून लावले आणि फणीने विंचरले. इतक्या मायेने मला कधी कुणी हाताळले नव्हते. मला मात्र रडू फुटत होते. अहो, मला तोंड असते तर!

परीक्षकांसमोर शिवकन्येने मला तारेवर टेकवले. मी नुसता घसरत राहिलो, आवाजच निघेना. त्या भल्या माणसांनी दुसरा गज दिला, पण तारांनाही तेल लागले होते आणि पोरीचा धीर सुटला होता. जागा हातची गेली.

ती परतल्यावर सरांनी डाव्या हाताने मला चाचपले आणि बोटे नाकाशी नेली. त्यांना सगळे कळले. म्हणाले, "तुझ्या आईला यातलं कायबी सांगू नको. जन्मभर मनाला लावून घेतील."

शिवकन्येने शब्द पाळला. आज ती परभणीला एका कापडाच्या दुकानात काम करते. चेलोला तिने पुन्हा हात लावला नाही.

पुढे एकदा केवळाबाई सरांच्या दारात आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, माझ्या लेकीची पाच वर्सं गेली. तुमचं शिकवणंच कमी पडलं."

सर खाली बघत म्हणाले, "खरं हाय बाई. माझंच चुकलं."

आता गावही तेच बोलते. सरांकडे कुणीच शिकायला येत नाही. दुपारभर ते ओसरीवर बसून असतात आणि मी खुंटीवरून त्यांच्याकडे बघत असतो. मला त्यांची फार कीव येते.

मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूला मायेने हात लावाल, तेव्हा तिला काय चालते ते आधी विचारा. आणि कधी चुडाव्याला उतरलात, केवळाबाईंनी तुम्हाला घरात बोलावून चहा पाजला, तर तो गुपचूप प्या. यातले एक अक्षरही त्यांना सांगू नका.