सहा जुनी अंडी

वर्गात माझं नाव अश्विनी नव्हतंच. ‘पोल्ट्री’ होतं. “ए पोल्ट्री, फळा पूस.” “ए पोल्ट्री, जरा लांब बस.” हे नाव आरोहीनं ठेवलं, आठवीत पहिल्याच आठवड्यात. ती ओतूरच्या डॉक्टरांची मुलगी, पुढच्या बाकावर बसणारी. मी ओतूरहून पाच किलोमीटरवरच्या गावची, मागच्या बाकावरची. आमच्या घरामागं दादांची दोन हजार कोंबड्यांची शेड आहे. दादा म्हणजे माझे वडील. वास येतो, खोटं का बोलू? पण मी रोज दोनदा साबण लावायची, तरी नाव सुटेना.

नववीत मात्र मला काय झालं कुणास ठाऊक. वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आले आणि अंगात वारंच शिरलं. स्टेजवर तीनशे माणसांसमोर बोलू शकते, तर आरोहीसमोर का नाही? म्हणून मधल्या सुट्टीत सरळ तिच्या बाकाशी गेले आणि म्हणाले, “रविवारी माझ्या घरी या दोघी, तू आणि आरफा. स्कॉच एग करणार आहे. ओव्हनमध्ये.”

आरोही हसली. “तुमच्याकडं ओव्हन आहे?”

“आहे. आणि अंडी तर अशी ताजी की तू जन्मात खाल्ली नसशील.”

आरफा माझी मैत्रीण. शेजारी उभ्या असलेल्या तिनं माझा हात दाबला. पण तोवर बोलून झालं होतं.

ओव्हन खरंच होता. भोसरीच्या मावशीनं आईला दिलेला, गोल अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. चार वर्षं कपाटावर बसून आईचे पापड सांभाळत होता. आणि पाककृती पेपरच्या पुरवणीतली, कात्रण माझ्या भूगोलाच्या वहीत. उकडलेल्या अंड्याला खिम्याचं जाड पांघरूण, वर टोस्टचा चुरा आणि तळायच्या ऐवजी भाजायचं. खिमा दादांनी मुद्दाम आरफाच्या चाचांच्या दुकानातून आणला, म्हणजे तिलाही खाता येईल.

रविवारी सकाळी दादांनी दोनदा अंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. मग शेडमधले बूट गोणपाटाखाली लपवले आणि मला म्हणाले, “मी मळ्यात जातो. तुमचं होऊ दे.”

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “बरं.”

दीडच्या एसटीनं दोघी आल्या. आरोहीनं फाटकातून आत येताना नाकाला रुमाल लावला, मग आईला बघून काढला. आईनं ओव्हन पडवीत मांडला होता, कारण देव स्वयंपाकघरात. चार वाजता लोडशेडिंग, हे मी आठवडाभर घोकत होते. सगळं पाठ होतं. खिम्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडं भाजलेलं बेसन घालून मळून ठेवलं. सहा अंडी उकडून गार पाण्यात टाकली. सकाळी कोंबड्यांखालून उचललेली, अजून कोमट होती तेव्हा.

“घ्या, सोला,” मी थाटात म्हणाले.

पहिल्या अंड्याचं टरफल निघेना. निघालं ते पांढऱ्याचा लचका घेऊन. दुसरंही तसंच. तिसऱ्याचं पिवळं बाहेर आलं. आरोहीनं तिच्या हातातलं उचलून धरलं. “हे उंदरानं खाल्लंय का गं?”

सहाच्या सहा अंडी गेली. माझे कान तापले. आज हे बिघडलं, तर ‘पोल्ट्री’ दहावीपर्यंत सुटणार नव्हतं, आणि वर ‘खराब अंडीवाली’ लागणार होतं. आरफा हळूच म्हणाली, “अम्मी ईदच्या कोफ्त्यांना अंडी आठ दिवस आधी आणून ठेवते. का, ते मला नाही माहीत.”

मी ते फाटकं अंडं मुठीत धरून मळ्याकडं पळाले. दादा बांधावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, काहीही न करता.

“दादा, आपली अंडी खराब हायेत!”

त्यांनी अंडं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि हसायलाच लागले. “खराब न्हाई, येडे. लई ताजी हायेत. ताजं अंडं टरफलाला चिकटून ऱ्हातं. आठ दिस झाले की आपसूक सुटतं. मला इचारायचं व्हतं ना.”

“आता जुनी कुठून आणू? आपल्याकडं एक दिवस ऱ्हात नाय माल.”

“सोपानच्या दुकानात. गेल्या रविवारी ट्रे टाकलाय मी.”

म्हणजे पोल्ट्रीवाल्याच्या पोरीनं दुकानात जाऊन अंडी मागायची! आणि आरोही माझ्या मागोमाग आलेली. सोपानकाकांनी पार ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, “काय गं अश्वे, कोंबड्या संपावर गेल्या का?”

“न्हाई काका. तुमच्या दुकानातल्या शिळ्या मालाला गिऱ्हाईक शोधतीय,” मी म्हणाले. ओट्यावरचे म्हातारे फुटले हसून. आरोहीसुद्धा हसली, पण यावेळी मला नाही.

ही अंडी उकडल्यावर टरफलातून अशी सुटली की जणू स्वेटर काढला. कोरड्या पिठात घोळवली, पाण्याचा हात लावून खिमा चढवला, चुऱ्यात लोळवली, वरून तेलाचं बोट फिरवलं. तीन वाजून दहा मिनिटांनी ओव्हनचं झाकण बंद. काचेतून तिघी बघत बसलो. रंग चढत होता, वास पडवीभर झाला. आणि पावणेचारला, वेळेआधी पंधरा मिनिटं, लाइट गेली.

मी झाकणाकडं हात नेला तोच फाटकातून आवाज आला, “उघडू नको!” दादा. बूट नसलेले, चिखलाच्या पायांनी. “पिल्लांच्या शेडमधी लाइट गेली की आम्ही आधी पडदे सोडतो. ऊब आत कोंडली की काम करती. वर गोणपाट टाक, इस मिनटं हात लावू नको.”

“काका, तुम्हाला ओव्हनचंही कळतं?” आरोहीनं विचारलं.

“ओव्हनचं न्हाई, पोरी. अंड्याचं कळतं.”

वीस मिनिटांनी आईनं सुरीनं पहिलं कापलं. बाहेर खरपूस तपकिरी, मग खिम्याचं कडं, मग पांढरं, मधोमध पिवळाधमक गोळा. एक भेग नाही. आरफानं बोटं चाटली. दादा पडवीच्या पायरीशीच उभे होते. मी त्यांना हात धरून वर ओढलं आणि आरोहीच्या शेजारी बसवलं, चिखलाच्या पायांनी. मी म्हणाले, “ही अंडी माझ्या दादांची आहेत. सकाळची पण, आणि दुकानातली पण.”

पाच जण, पाच अंडी. सहावं आरोहीनं मागितलं. “मम्मीला दाखवायचंय,” म्हणाली, आणि जाताना शेड बघायचीय म्हणाली. रुमाल खिशातच राहिला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मागून कुणीतरी ओरडलं, “ए पोल्ट्री!”

मी वळले. “बोल. ताजी पाहिजेत का आठ दिवसांची?”