मिठाच्या बरणीतला चमचा

मित्रांनो, मी एक जुना मापाचा चमचा आहे आणि माझा मुक्काम मिठाच्या बरणीत, गळ्यापर्यंत मिठात. वरून झाकण घट्ट. सकाळी आजी ते उघडतात, तेवढाच मला वारा!

कारखान्यात स्टीलच्या पत्र्यातून आम्ही चार भावंडं जन्माला आलो, एकाच कडीत ओवलेली. पुढे कडी तुटली, भावंडं पांगली. कोण कुठे गेलं, देव जाणे. माझा दांडा आखूड, म्हणून मी या बरणीत मावलो आणि इथेच अडकलो.

घरात दोघंच. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, आजी शिवण शिकवायच्या. आजोबांना हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं रोजचं मीठ ग्रॅममध्ये ठरवून दिलं. आजींनी शेजारणीचा वजनकाटा आणला. घरात तेव्हा भरड मीठ होतं. माझा एक सपाट चमचा भरला की बरोबर तेवढंच वजन. "झालं! आता रोज कोण काटा मागत बसतंय?" म्हणत त्यांनी काटा परत केला. तेव्हापासून आजोबांचा जीव माझ्या हाती. मी काय मिजाशीत होतो म्हणून सांगू!

मग एकदा दुकानात भरड मीठ मिळालं नाही. आजींनी बारीक मीठ आणलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं. मला लगेच कळलं. भरड खड्यांमध्ये फटी राहतात, बारीक मीठ ठासून बसतं. चमचा तोच, पण वजन जवळजवळ दीडपट! मी आतून ओरडत होतो, "अहो आजी, वजन करा!" पण चमच्याला आवाज कुठला?

आजोबांचे पाय सुजले. जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "जास्तीचं मीठ जातंय कुठून?" आजींनी सरळ आजोबांकडे पाहिलं.

"चोरून खारे दाणे खाता ना तुम्ही?"

"अगं, शप्पथ! तोंडात एक दाणा गेला असेल तर सांग."

"पुरे! तुमचा काही भरवसा नाही."

आणि त्यांनी फडताळाला कुलूप ठोकलं. स्वतःच्याच घरात आजोबा चोर ठरले. ताट अर्धवट टाकून खिडकीशी जाऊन बसायचे. मी झाकणाखाली, ते कुलपाबाहेर, पण कोंडलेले आम्ही दोघंही. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी एका दुपारी आजोबा म्हणाले, "तुझंच माप चुकत नसेल कशावरून?"

आजींचा पारा चढला. "माझं माप? थांबा, दाखवतेच!" तरातरा जाऊन त्यांनी शेजारणीचा काटा आणला. मला भरलं, बोटाने सपाट केलं, मीठ काट्यावर ओतलं. आकडा भलताच पुढे गेला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग त्यांनी मीठ चिमटीत चोळून पाहिलं.

"अगं बाई! हे बारीक आहे, म्हणून चमच्यात जास्त मावतं... आणि मी तुम्हाला काय काय बोलले हो!"

"बोललीस ते बोललीस," आजोबा म्हणाले. "आधी ते कुलूप काढ. मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटतंय."

आता स्वयंपाकघरात स्वतःचा काटा आहे, आजोबांची सूज उतरते आहे आणि मी अजून बरणीतच आहे. मित्रांनो, ग्रॅमचं काम चमच्यावर सोपवलंत तर मीठ असो की मिरपूड, माल बदलला की पुन्हा तोलून बघा. मी कितीही ओरडलो तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. पण घरातलं माणूस शप्पथ घेऊन सांगतं, त्याचं तरी ऐका.