गाभोळीचे दिवस

व्याही यायचे त्याच आठवड्यात समुद्र खवळला. बाहेरच्या पाण्यात होडी घालायची सोय उरली नाही. सेवानायाच्या घरी डुक्कर होतं, दालोचे कंद होते, कसावा होता. नव्हता तो फक्त मासा. त्याची बायको माकेलेसी म्हणाली की डब्यातला मासा नारळाच्या दुधात शिजवू, वादळापुढे कोणाचं काय चालतं, माणसं समजून घेतील. सेवानायाला ते पटेना. समुद्राच्या काठावर राहायचं आणि लेकीचं लग्न ठरवायला आलेल्यांना डब्यातला मासा वाढायचा, या विचारानेच त्याचे कान तापले.

उजाडता उजाडता तो भाला घेऊन एकटाच निघाला आणि प्रवाळकड्यातल्या आडोशाच्या खिंडीत उतरला.

खिंड गावाने बंद केलेली होती. कावाकावा मासे तिथे अंडी घालायला जमतात. पूर्वी गावाने ते इतके मारले की पुढे दिसेनासेच झाले. तेव्हा गावचे सरदार, रातू, यांनी बंदी घातली. बंदीसाठी सगळ्यांत जास्त भांडला होता सेवानाया, म्हणून राखणदारही त्यालाच नेमलं. विरोधात तोंड सोडलं होतं ते त्याच्या आतेभावाने, आपोलोसीने. आमची पोरं काय आता शेवाळ खाणार का, असं त्याने भर सभेत विचारलं होतं.

आता खिंडीत मासे पुन्हा दाटीवाटीने उभे होते. माणसाला घाबरायचं विसरून गेले होते. तीन मोठे कावाकावा मारायला सेवानायाला काही कसब लागलं नाही. खारफुटीपलीकडच्या खडकावर त्याने ते कापले. आपोलोसीचं घर समोरच होतं आणि होडीही तो तिथेच बांधायचा, पण तो बहिणीच्या गावी गेल्याचं सेवानायाच्या कानावर आलं होतं. पोटं चिरली तशी पिवळीधम्मक गाभोळी ओंजळीत मावेना. त्याने ती पाण्यात सोडली, डोकी खडकाच्या भेगेत कोंबली. हात दोनदा धुतले तरी बोटं चिकटच राहिली.

व्याह्यांनी मिटक्या मारत खाल्लं आणि मासा कुठला, असं विचारलं. बाहेरच्या कड्यावरचा, समुद्र खवळायच्या आधी धरलेला, सेवानायाने सांगितलं. माकेलेसीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तिने स्वतःच्या ताटात मासा घेतला नाही.

पुढच्या ओहोटीला खेकडे धरायला गेलेल्या बायकांना ती डोकी सापडली. खडक आपोलोसीचा, तोंडही आपोलोसीचंच वाईट. गावाला दुसरं नाव शोधायची गरजच पडली नाही. सभेत रातूंनी त्याला विचारलं. जे ठरवायचं ते ठरवा, एवढंच तो म्हणाला. अंडी घालायचा मोसम संपेपर्यंत त्याने होडी काढायची नाही, असं ठरलं. सेवानाया राखणदाराच्या जागेवर मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, भावासाठी जीव तुटतोय.

त्याच्या होडीचं इंजिन काढून आणायचं कामही राखणदाराचंच. आपोलोसीने स्वतः हात लावून ते त्याच्या खांद्यावर चढवलं.

"सांभाळ. कंबर धरली तर व्याह्यांपुढे वाकून चालशील."

सेवानाया हसला नाही. तेव्हा आपोलोसी आवाज खाली आणून म्हणाला, "तू खिंडीत उतरलास त्याच्या आदल्या संध्याकाळीच मी परत आलो होतो. तू मासे कापत होतास ते दारातून दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? राखणदारच चोर आहे म्हणून? दुसऱ्या दिवशी अख्खं गाव खिंडीत जाळी टाकून बसलं असतं. माझं काय, मला तसंही कोणी चांगलं म्हणत नाही." मग तो म्हणाला, "बाप गेल्यापासून तिथे इतके कावाकावा मी बघितले नव्हते. आता गप्प राहा आणि राखण कर."

सेवानायाला गप्प राहणं जमलं नाही. आपोलोसीची बायको रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून गळ टाकताना दिसायची. तिच्या टोपलीत बोटभर मासे असायचे. ती त्याला हाक मारायची, लेकीच्या लग्नाची तयारी कुठवर आली म्हणून आपुलकीने चौकशी करायची. रविवारी चर्चहून तो घरी न जाता माफी मागताना पुढे ठेवायचा व्हेलचा दात घेऊन थेट रातूंच्या ओट्यावर गेला, त्यांच्यापुढे बसला आणि सगळं सांगून टाकलं. रातूंनी दात स्वीकारला, म्हणजे माफी दिली. राखणदारी मात्र काढून घेतली आणि आपोलोसीला दिली. इंजिन त्याच दुपारी परत गेलं.

आपोलोसी संतापला होता. "स्वतःचं मन हलकं केलंस," तो म्हणाला, "आणि ओझं टाकलंस त्या माशांवर."

त्याचं खरं ठरायला वेळ लागला नाही. राखणदाराला चालतं तर आम्हाला का नाही, असं म्हणत गावातल्याच दोन होड्या खिंडीत शिरल्या. आपोलोसी एका होडीला हुसकावायचा तर दुसरी मागून यायची. माकेलेसीने नवऱ्याला बोल लावला नाही. संध्याकाळी कसावा सोलता सोलता ती एवढंच म्हणाली, "मासा मी शिजवला. ओळखला होता, तरी शिजवला."

दुसऱ्या दिवशी सेवानाया होडी घेऊन खिंडीच्या तोंडाशी गेला आणि मधोमध नांगर टाकून बसला. जाळी घेऊन आलेल्यांनी त्याला टोमणे मारले. आज घरी कोणते पाहुणे, असं विचारून हसले. सेवानाया जागचा हलला नाही, आणि त्याच्या होडीला वळसा घालून जाळं टाकणं काही त्यांना जमेना.

मोसम संपेपर्यंत तो रोज तिथे बसला. आपोलोसी आपली फेरी घालून त्याच्या जवळून जायचा, पण बोलायचा नाही. लेकीचं, वासितीचं, लग्न त्याच काळात साधेपणाने झालं. मांडवातून उठून सेवानाया परत पाण्यावर गेला. खाली किती मासे उरलेत, हे वरून दिसत नव्हतं, आणि पाण्यात उतरून बघायचा धीर त्याला झाला नाही.