खणातला व्हर्नियर

“यादी शेवटपर्यंत वाच. पहिल्या पानावर कुणी खरं लिहीत नाही. आणि आमच्या कारखान्याचं नाव सापडलं, तर त्या फंडात माझी एक पेनी ठेवू नकोस. शब्द दे.”

शेवटच्या आजारपणात, हॉस्पिसच्या खाटेवरून अंबरीशनी हे सांगितलं, त्याला सात महिने झाले होते. सुनेत्राने तेव्हा नवऱ्याच्या हातावर हात ठेवला होता. त्यांचं पेन्शन, म्हणजे नोकरीभर साठलेले पैसे, आता तिच्या नावावर यायचं होतं. कुठल्या फंडात ठेवायचं, तेवढं तिने ठरवायचं होतं. आज सकाळी पूजा आटोपून, ब्रिस्टलच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, ती सल्लागाराने सुचवलेल्या फंडातल्या कंपन्यांची यादी वाचायला बसली. नवव्या पानावर नाव सापडलं.

“आई, त्या फंडात शेकडो कंपन्या असतात,” ऑफिसला जाता जाता डोकावलेली, इथेच वाढलेली लेक तनिषा म्हणाली. “बाबांचा कंपनी वन पर्सेंटपण नाही. दिसणारसुद्धा नाही तुला.”

“मला दिसलं ना पण.”

सुनेत्राने दुसरा फॉर्म पुढे ओढला. त्यात शेअर आपले आपण निवडायची सोय होती. चष्म्याच्या काचा करणारी एक कंपनी, पाण्याचे पाइप करणारी एक, आणि एक बेकरीवाली, अशी तिने पेन्सिलीने खूणही केली होती.

तनिषाने कपाळावर हात मारला. “काचा, पाइप आणि ब्रेड! आई, हा पेन्शन आहे, शॉपिंग लिस्ट नाही! चार्जेस जास्त, आणि बुडालं तर गेलं. साबुदाणा किती भिजवायचा ते कळतं तुला, शेअर्स नाही कळत.”

“नाहीच कळत. म्हणून तीनच घेते. बाकीचे पैसे नुसते पडून राहू देत.”

“मग रिटायर कसा होणार तू?”

“नाही होत एवढ्यात. शाळेच्या किचनमध्ये सांगून आले, अजून दोन वर्षं येते म्हणून.”

“या गुडघ्यांनी?” तनिषाचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “बाबा तिथे थर्टी-फोर इयर्स होते. त्या पैशांवर मी शिकले. आता मीपण तिथेच आहे. मग माझा पगारपण घाण आहे का, आई?”

सुनेत्राने पेन्सिल खाली ठेवली. सांगायचं म्हटलं असतं, तर सांगण्यासारखं होतं.

दर खंडेनवमीला अंबरीश कारखान्यातून आपला व्हर्नियर घरी आणत. धातूच्या सुट्या भागांची जाडी मोजायचं ते साधन पाटावर ठेवून, हळदकुंकू लावून, मिळेल ते पिवळं फूल वाहत. दोन वर्षांपूर्वी मात्र, नवरात्रातच, टीव्हीवर बॉम्बहल्ल्यात पडलेल्या एका शाळेचा ढिगारा दाखवत होते. त्यात एक वाकलेला, त्यांच्या ओळखीचा पत्र्याचा तुकडा होता. अंबरीश उठून पडद्यापाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्या खंडेनवमीला पाट रिकामाच राहिला. व्हर्नियर त्यांनी देवाखालच्या खणात ढकलला.

“अवजार म्हणून पुजत होतो गं,” एवढंच म्हणाले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

हे लेकीला सांगायचं कसं? तिला उद्याही त्याच दारातून आत जायचं होतं. घराचा हप्ता होता, पदरात पोर होतं.

“तुझं काही घाण नाही,” सुनेत्रा म्हणाली. “मी शब्द दिलाय, एवढंच.”

“मेलेल्या माणसाला.”

“हो.”

तनिषाने पर्स उचलली. तिच्यासाठी काढलेली खिचडी तशीच राहिली. दार आपटलं नाही. तिने ते अगदी हळू ओढून घेतलं, आणि सुनेत्राला तेच जास्त लागलं.

आजही खंडेनवमीच होती. नऊ दिवसांच्या उपासाने अंग हलकं झालं होतं. सुनेत्राने फॉर्मवर सही केली, पाकीट चिकटवलं. देवापुढे वाकताना हात खणाच्या मुठीपर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. किचनचा एप्रन तिने पिशवीत घातला, वर पाकीट ठेवलं.

पोस्टाची पेटी चढाच्या टोकाला होती. कठड्याला धरून, उजवा पाय आधी टाकत, ती चढू लागली.